चादरीला एक लेन्स, नाकतोड्याला दुसरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कडक आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून नुसते आभार मानून सोडून द्यावंसं वाटलं नाही.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. "किडा असो की कापड, १०० एमएमची मॅक्रो लेन्सच घ्या," असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. (मॅक्रो म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी लेन्स.) तुम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचे फोटो काढता, कॅननच्या ५० एमएमच्या साध्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, तिनं जास्त जवळ जाता येतं) लावून. कोपरे थोडे सॉफ्ट, म्हणजे पुसट येतात, पण चालतं, असं तुम्हीच लिहिलंय. पुढे म्हणता की लेन्स जितकी लांब (म्हणजे एमएमचा आकडा मोठा) तितकी डेप्थ, म्हणजे पुढून मागे धारदार येणारी जाडी, कमी, मग १०० एमएमचा आग्रह कशाला? आणि नव्या पोरांना उगाच खर्चात पाडू नका.

आधी चूक कबूल करतो. कापडाला मी त्या वाक्यात ओढायला नको होतं. माझी सगळी वर्षं किड्यांमागे गेली, कापडाचे फोटो मोजकेच काढलेत. जे किड्याला लागू ते कापडालाही लागू असं धरून चाललो. ते वाक्य आज बदललं आहे.

डेप्थचं मात्र पटत नाही. किडा सेन्सरवर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी पट्टी) त्याच्या खऱ्या आकाराचा, म्हणजे १:१ उतरला, आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) तेच ठेवलं, तर ६० एमएम असो की १००, डेप्थ जवळपास तेवढीच मिळते. तुमच्या-माझ्यासारख्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) एफ/८ अ‍ॅपर्चरला ती पाऊण मिलिमीटरही भरत नाही. खात्री करायची तर स्टीलची फूटपट्टी तिरकी ठेवा, दोन्ही लेन्सनी १:१ ला फोटो घ्या आणि किती रेघा धारदार आल्यात त्या मोजा. मी मोजल्यात, फरक दिसत नाही. मग लांब लेन्सची डेप्थ कमी का वाटते? तिचा कोन अरुंद असतो. मागचा तुकडाच ती लहान घेते आणि तो मोठा करून पसरवते, म्हणून पार्श्वभूमी विरघळल्यासारखी दिसते. किड्यावरची डेप्थ तीच राहते.

मग १०० एमएम कशासाठी? अंतरासाठी. लेन्सवर लिहिलेलं कमीत कमी अंतर काचेपासून नसतं, सेन्सरपासून असतं. कॅमेऱ्यावर गोलातून आडवी रेघ गेलेली छोटी खूण असते ना, तिथून. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा केली की हातात उरतं ते खरं अंतर. कॅननच्या १०० एमएम एल लेन्सवर ३० सेंटीमीटर लिहिलंय, काचेपुढे उरतात साधारण १३. ईएफ-एस ६० एमएमवर २० आहेत, उरतात ९ च्या आसपास. निकॉनच्या डीएक्स (क्रॉप बॉडीसाठीच्या) ४० एमएमला १६.३ आहेत आणि उरतात जेमतेम साडेतीन!

हे साडेतीन सेंटीमीटर मी अनुभवलेत. दिवाळीनंतरची सकाळ होती, बार्शी रोडनं नान्नजच्या अलीकडे एका बांधावर होतो. गवताच्या पात्यावर दवानं भिजलेला नाकतोडा, आणि माझ्याकडे मित्राची उसनी घेतलेली निकॉनची बॉडी आणि ही ४० एमएम. १:१ पर्यंत जायचं तर काच त्याच्यापासून दोन बोटांवर न्यावी लागत होती. लेन्सची सावलीच त्याच्या अंगावर पडली. तो लगेच उडाला नाही. पातं न सोडता सरकत सरकत पलीकडच्या बाजूला गेला, इतका की मला फक्त दोन बाजूंनी डोकावणारे पाय दिसत होते. मी कॅमेरा वळवला, तो परत सरकला. तिसऱ्यांदा उडाला. लेन्स धारदार होती, फोटो मात्र एकही मिळाला नाही. किड्यांसाठी लांब लेन्स मागतो ती याच्यासाठी.

आता खर्चाचं. इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण जिथे तुम्ही लावताय तिथे नाही, नेमकं उलट बाजूला.

किड्याच्या फोटोत कोपऱ्यात काय असतं? धूसर हिरवा रंग. कोपरे सॉफ्ट आले तरी कुणाला कळत नाही. म्हणून किड्यांच्या नादी लागलेल्या पोरानं पहिल्याच दिवशी मॅक्रो लेन्स घ्यायची गरजच नाही. जवळ ५५-२५० झूम असेल तर तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी क्लोजअप लेन्स चिमट्यानं लागते. तिची ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे फोकस १२५ मिलिमीटरवर. २५० ला झूम केलं की दुप्पट आकार मिळतो आणि काचेपुढे १२ सेंटीमीटरच्या आसपास जागाही राहते. आपल्याकडे डाळिंबाच्या बागा इतक्या आहेत, फुलकिडे बघायचे तर ते जेमतेम एक मिलिमीटरचे. त्यांना १:१ पुरतच नाही, ही दुप्पटच कामाला येते. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

चादरीचं तसं नाही. चादर सपाट आहे, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी वीणच तुम्हाला दाखवायची आहे. साधी ५० एमएम लांबच्या वस्तूंसाठी बनवलेली. ट्यूब लावून तिला जवळ आणलं की तिचं फोकसचं प्रतल (जिथे सगळं धारदार येतं ती पातळी) सपाट राहत नाही, वाटीसारखं वळतं. मधला उभा-आडवा धागा कडक येतो, कडेचा विरतो. मॅक्रो लेन्स मुळातच सपाट वस्तूसाठी जुळवलेली असते. म्हणजे तिचा हा गुण नान्नजच्या माळावर माझ्या फारसा कामी येत नाही, तुमच्या टेबलावर येतो. "चालतं" म्हणून तुम्ही जे कोपरे सोडून देताय, त्यांच्यासाठीच ती लेन्स आहे. टॉवेलच्या टेरीचे फास कडेलाही सुटे सुटे दिसायला हवेत, तिथे गिऱ्हाईक दर्जा बघतं.

तुम्हाला १०० एमएमची गरज नाही. चादर उडून जाणार नाही, ६० एमएम पुरे. १:१ पर्यंत जायचीही गरज नाही, निम्म्या आकारात वीण छान दिसते आणि डेप्थही दीड-दोन मिलिमीटरपर्यंत मिळते.

लेन्स घेण्याआधी एक करून बघा. कापडावर छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं म्हणजे कॅमेरा कापडाला समांतर. सरकलेलं दिसलं तर तुमच्या सॉफ्ट कोपऱ्यांतले एखाददोन निव्वळ तिरकेपणाचे असतील, ते फुकटात सुधारतील. चारही कोपरे सारखेच विरत असतील तर मात्र दोष ट्यूब लावलेल्या लेन्सचा. आणि एक दिवा बाजूनं, जवळपास कापडाच्याच पातळीवर लावा, कापडाला घासून गेल्यासारखा उजेड पडला की धाग्याचा पीळसुद्धा दिसतो.

माझी ईएफ-एस ६० एमएम सध्या कपाटातच आहे. आठवडाभर घेऊन जा, एकाच चादरीवर तुमची ट्यूब आणि ही लेन्स, दोन्ही लावून बघा. ती क्रॉप डीएसएलआरला थेट बसते, मिररलेसला (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) अडॅप्टर लागेल. तुमची बॉडी नेमकी कोणती ते तेवढं कळवा.