जपानी पिचर आणि जर्सीचं दुकान

दर हिवाळ्यात, अमेरिकेतल्या बेसबॉल संघांची खरेदी सुरू झाली की एक मेसेज फिरायला लागतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरही तो आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा): "जपानी पिचर घेतात ते टोकियोत जर्सी विकायला. फळी भक्कम करायची वगैरे नुसतं सांगायला. तिकडची लीग दुय्यम. तिकडे आठवड्यातून एकदा टाकायचं, इकडे दर पाचव्या दिवशी टाकायला लागलं की दम निघतो, मग हात जातो. कोट्यवधी डॉलर पाण्यात."

यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच मेसेज इतका चालतो. पण बराचसा भाग ऐकीव आहे.

आधी जर्सी. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगच्या, परवान्याने विकल्या जाणाऱ्या मालाचं उत्पन्न एका जागी जमा होतं आणि ३० संघांत सारखं वाटलं जातं. म्हणजे ओसाकातल्या कुणी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या जपानी पिचर यामामोतोची जर्सी घेतली, तर डॉजर्सइतकाच वाटा पिट्सबर्गच्या संघालाही जातो. संघाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे स्टेडियममधली दुकानं, तिकिटं आणि जाहिरातींचे फलक. डॉजर्सच्या मैदानात जपानी कंपन्यांच्या पाट्या झळकतात हे खरं, पण त्या डॉजर्सच्याच जपानी सुपरस्टार ओहतानीसाठी. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पिचरसाठी कुणी पाटी लावत नाही.

आता पिचरांची फळी. आपल्याकडे क्रिकेटची सवय असल्याने इथे हिशेब चुकतो. सीझनला १६२ सामने, सामन्याला ९ इनिंग (समोरचे तीन बाद झाले की एक संपते), म्हणजे एका संघाला साधारण १४५८ इनिंग टाकाव्या लागतात. उत्तम स्टार्टरसुद्धा (सामना सुरू करणारा पिचर) त्यातल्या पावणेदोनशेच्या आसपास टाकतो. पाचही स्टार्टर वर्षभर धडधाकट राहिले (राहत नाहीत) तरी निम्म्याच्या थोडंफार पुढे जाता येतं. बाकीच्या कुणीतरी टाकायच्या असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात डॉजर्सकडे धड स्टार्टर उरले होते तीन: यामामोतो, फ्लॅहर्टी आणि ब्यूलर. ग्लासनाउ, कर्शॉ, स्टोन, गोन्सोलिन, मे सगळे जायबंदी. तरी ते विजेते झाले.

या फळीच्या हिशेबातला माझा आवडता माणूस यामामोतो नाही, हिदेकी ओकाजिमा. २००६ च्या हिवाळ्यात बॉस्टन रेड सॉक्सने दाइसुके मात्सुझाकाशी नुसतं बोलायचा हक्क मिळावा म्हणून त्याच्या जपानी क्लबला ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर आणि वर ११ सेंट मोजले. पुढे करार ६ वर्षांचा, ५ कोटी २० लाखांचा. त्याच हिवाळ्यात तीस पार केलेला ओकाजिमा आला, दोन वर्षांसाठी २५ लाखांत. मात्सुझाकाला जपानीत बोलायला कुणीतरी हवं म्हणून घेतलाय, अशी चेष्टा झाली. २ एप्रिल २००७ ला कॅन्सस सिटीत त्याने टाकलेला पहिलाच चेंडू जॉन बकने मैदानाबाहेर घालवला. चेष्टा करणाऱ्यांना आणखी काय हवं?

त्यानंतर कित्येक आठवडे त्याने एकही धाव दिली नाही. चेंडू सोडताना त्याची मान खाली वळलेली, नजर जमिनीकडे. ज्यांना दक्षिण आफ्रिकेच्या फिरकी गोलंदाज पॉल अ‍ॅडम्सची अ‍ॅक्शन आठवते त्यांना कल्पना येईल. २० एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे मैदानात न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ७-६ अशी आघाडी, नेहमीचा शेवट करणारा पॅपलबॉन उपलब्ध नाही, आणि चेंडू ओकाजिमाच्या हातात. सामना वाचला. सीझनअखेर ६९ इनिंग, दर ९ इनिंगमागे २.२२ धावा. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात, २-१ अशा काठावर, तो आला आणि समोरचे सातच्या सात बॅटर बाद केले, त्यातले चार स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न बसताच बाद. वर्ल्ड सिरीजमध्ये चेंडू टाकणारा तो पहिला जपानी पिचर. मात्सुझाका नव्हे, त्याचा तथाकथित सोबती.

"लीग दुय्यम" या मुद्द्यावर मी अर्धा गुण देतो. तोमोयुकी सुगानो २०२४ मध्ये जपानच्या सेंट्रल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता: १५ विजय, ३ पराभव, दर ९ इनिंगमागे १.६७ धावा. पुढच्या वर्षी पस्तिशीत बाल्टिमोर ओरिओल्सकडे आला तेव्हा १० विजय, १० पराभव, ४.६४. अमेरिकन बॅटर चुकीला माफी देत नाहीत, चेंडू थेट प्रेक्षकांत जातो. पण त्याला घेतलं होतं कशासाठी? एक वर्ष, १ कोटी ३० लाख. त्याने ३० सामने सुरू केले, १५७ इनिंग टाकल्या. ढासळलेल्या संघात रोज सकाळी "आज टाकणार कोण?" हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर तो दर पाच-सहा दिवसांनी देत होता. तेवढ्यासाठीच पैसे मोजले होते. उलट शोता इमानागा शिकागो कब्जकडे ५ कोटी ३० लाखांत आला आणि पहिल्याच वर्षी १५-३, २.९१. दुय्यम लीगमधून आलेल्या दोघांची ही दोन टोकं आहेत, मग दोष लीगला कसा द्यायचा?

पैशाबाबत लोक सर्वांत जास्त गोंधळ घालतात. मात्सुझाकाच्या वेळचा बंद लिफाफ्यातला लिलाव केव्हाच गेला. आता खेळाडूच्या कराराच्या प्रमाणात जपानी क्लबला वाटा मिळतो: पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावर १५. यामामोतोच्या ३२.५ कोटींवर त्याच्या जपानी क्लबला, ओरिक्सला, ५ कोटी ६ लाखांवर मिळाले. सुगानो मुक्त खेळाडू होता, म्हणजे क्लबच्या बंधनातून मोकळा, त्याच्यासाठी जपानी क्लबला छदामही द्यावा लागला नाही. सरसकट "जपानी" म्हणून किंमत लावता येत नाही ती अशी.

आठवड्यातून एकदा टाकायची सवय खरी आहे. पण मोठी अडचण आहे ती चेंडूची, आणि ती कुणी बोलत नाही. जपानी चेंडू किंचित लहान, चामडं बोटांना धरून राहणारं. अमेरिकन चेंडू नवा असताना गुळगुळीत, इतका की सामन्याआधी त्याला न्यू जर्सीतल्या एका ओहोळाचा चिखल चोळतात. कुठल्या ओहोळाचा, ते गुपित आहे! बोटांची आयुष्यभराची सवय बदलायला वेळ लागतो. यामामोतोची मेजर लीगमधली पहिली खेळी, २०२४ च्या मार्चमध्ये सोलमध्ये: एक इनिंग, पाच धावा. तेव्हाही हाच मेसेज फिरला होता.

आणि दम? २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, टोरांटो. यामामोतोने ९६ चेंडू टाकून जिंकला. दुसऱ्या रात्री सातव्यात पुन्हा आला, ३४ चेंडू, आठ बळी. अकराव्या इनिंगमध्ये टोरांटोच्या कर्कची बॅट तुटली, चेंडू डॉजर्सच्या बेट्सकडे गेला, एकदम दोघे बाद, सामना संपला.

हात जातो हे मान्य. मात्सुझाकाचा गेला, जपानहूनच आलेल्या दार्विशचा गेला, तसाच सेंगा २०२४ च्या नियमित सीझनमध्ये जेमतेम एका सामन्यापुरता दिसला. पण अस्सल अमेरिकन पिचर स्ट्रासबर्गला वॉशिंग्टनने २०१९ च्या डिसेंबरात २४.५ कोटी दिले, आणि त्या करारात तो खेळला अवघे आठ सामने. त्यावर मेसेज आल्याचं मला तरी आठवत नाही.