चार-पंचमांश सिनेमा

आवडत्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा काल पाहिला. पहिली वीस मिनिटं पूर्ण आणि पुढचा चार-पंचमांश. उरलेला पडद्याच्या वरच्या आणि खालच्या काळ्या कापडात गेला, तो शेजारच्या काकांच्या कृपेने.

सिनेमा १.३७ च्या चौकटीतला. रुंदी उंचीच्या दीडपटही नाही. चेहऱ्यासाठी ही चौकट म्हणजे सोनं. कपाळापासून हनुवटीपर्यंत माणूस मावतो, वर थोडं छत उरतं, आणि हा पठ्ठ्या त्या छतावरूनच घर किती जड झालंय ते सांगतो. डिजिटल प्रतीत असं चित्र १९९८ बाय १०८० च्या 'फ्लॅट' चौकटीत बसवतात. मधल्या साधारण १४८० पिक्सेलमध्ये सिनेमा, दोन्ही बाजूंना काळं. ते काळं प्रतीतच असतं, पडदा उघडायचा राहिलेला नसतो.

"पडदा उघडायचा राहिलाय," काका चौथ्या मिनिटाला म्हणाले. कुजबुजून नव्हे.

"नाही काका, तसंच आहे ते. मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम? मग आपल्याकडून पैसे अख्ख्या पडद्याचे का घेतले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी एक डोळा मिटला, हात लांब केला आणि गवंडी ओळंबा बघतो तसं बघितलं. "इकडे चार खुर्च्या, तिकडे चार खुर्च्या. आठ खुर्च्यांचं चित्र गायब आहे. आणि दिसतंय कसं, तर जुन्या टीव्हीसारखं!"

खरं तर टीव्हीच सिनेमासारखा दिसायचा. बोलपटाची ही चौकट १९३२ साली ठरली, टीव्हीने जवळपास तोच ४:३ आकार उचलला, आणि लोक घरीच बसायला लागल्यावर १९५३ मध्ये सिनेमास्कोप आणून सिनेमा आडवा पसरला. हे मी सांगणारही होतो, पण पडद्यावर नायिका गेलेल्या नवऱ्याच्या शर्टाची घडी घालत होती, आणि त्या शांततेत तोंड उघडणं मला जमलं नाही. काकांना जमलं. ते माझ्या पायांवरून बाहेर गेले आणि टॉर्चवाल्या पोराला घेऊन आले. "बघ, दिसतंय का काही तिथे?" पोराने काळ्या पट्टीवर टॉर्च मारला. तिथे काही दिसत नव्हतं, हे खरंच होतं.

तीन मिनिटांत चित्र फुगलं. कुणीतरी प्रोजेक्टरचा प्रिसेट, म्हणजे चित्राच्या आकाराची आधीच ठरवून ठेवलेली जुळणी, 'फ्लॅट'वरून 'स्कोप'वर, म्हणजे सिनेमास्कोपसारख्या आडव्या चित्राच्या जुळणीवर, नेला होता. स्कोपचं चित्र ८५८ ओळींचं, त्यामुळे आमच्या १०८० मधल्या २२२ ओळी गेल्या. निम्म्या वरून, निम्म्या खालून. नायिकेचं कपाळ गेलं, छत गेलं, सबटायटलची खालची ओळ गेली. काळ्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या, कारण त्या प्रतीतच होत्या. उलट चित्राबरोबर त्याही जरा रुंद झाल्या, एवढंच.

"बघा, सुधारलं ना!" काका म्हणाले.

मी बाहेर जाऊन त्याच पोराला गाठलं. "प्रिसेट फ्लॅटवर घ्यायला सांग."

"सर, आत्ताच तर नीट केलं."

"बरं, मग चित्र इतकं मंद का आहे? थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोरून काढलाय का?"

"पिक्चरच डार्क आहे, सर."

इथे मला हसू येत नाही. टूडी चित्रातला पांढरा रंग पडद्यावर ४८ कँडेला प्रति चौरस मीटर इतका उजळ असावा, असं मानक आहे. थ्रीडीचा तो ध्रुवीकरणाचा फिल्टर काढायला विसरलं की निम्म्याहून जास्त उजेड तोच गिळतो. त्यात झेनॉन दिवा तास भरूनही बदललेला नसेल आणि प्रोजेक्टरसमोरच्या केबिनच्या खिडकीच्या काचेवर धूळ असेल, तर विचारायलाच नको. आवाजाचंही तेच. थिएटरच्या आवाजाच्या प्रोसेसरवर ७ हा आकडा असेल असं धरून सिनेमाचं मिक्सिंग करतात. ट्रेलर कर्कश वाटतात म्हणून कुणीतरी ४ वर आणतो, म्हणजे थेट १० डेसिबल कमी, आणि कुजबुजीचा सिनेमा मूकपट होतो. वर केबिनमध्ये माणूस नसतो. दिवे, लेन्स, प्रिसेट सगळं प्लेलिस्टमधल्या सूचनांवर चालतं, आणि एकच जण अनेक पडदे सांभाळतो. म्हणून तक्रार करायची तर ट्रेलर संपताच उठायचं आणि "चित्र खराब आहे" असं मोघम बोलायचं नाही. प्रिसेटचं नाव घ्यायचं. मी घेतलं होतं. पण काकांनी आठ खुर्च्या मोजून दाखवल्या होत्या.

सिनेमा कसा वाटला? पहिली वीस मिनिटं त्याने आजवर केलेल्या कामात सर्वांत उत्तम. पाऊस एकदाही दिसत नाही, फक्त मागच्या स्पीकरमधून येतो, आणि तरी खोली ओली वाटते. शेवटचा रात्रीचा प्रवास मला लांबलेला आणि गढूळ वाटला. आता हा गढूळपणा त्याचा की फिल्टरचा? कळायला मार्ग नाही, आणि खरा राग त्याचाच आहे. इतकी वर्षं ज्याची बाजू घेऊन भांडलो, त्याला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही.

श्रेयनामावली सुरू होताच भक्कन दिवे लागले. पाऊस अजून वाजत होता. काका उठले, थबकले आणि माझ्याकडे वळले.

"पिक्चर बरा होता हो. पण एक कळलं नाही, हा सगळ्यांची डोकी का कापतो? मुद्दाम?"