गिरगावच्या चित्रपटगृह फेरीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

थिएटरे दाखवतो म्हणून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात दुकानांसमोर उभे करून जुन्या प्रेक्षकांच्या हकिकती ऐकवल्या, नटनट्यांविषयी फारसे सांगितलेच नाही, हा आपला आक्षेप मी लक्षपूर्वक वाचला. फेरीचा मार्ग मी स्वतः आखलेला असल्याने त्यामागचा विचार मीच मांडणे उचित होईल.

मॅजेस्टिक आज उभे नाही, त्या जागी त्याच नावाचे शॉपिंग सेंटर आहे, हे खरे. पण तो थांबा मी वगळणार नाही. १४ मार्च १९३१ रोजी तिथे ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, तेव्हा तिकिटासाठी रांग लावायची पद्धत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. खिडकीवर अशी झुंबड उडाली की पोलिसांना पाचारण करावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. मजुरीवर पोट असलेला माणूस पडद्यावरचा आवाज ऐकण्यासाठी किती मोजायला तयार होता, हे त्या जागी उभे राहून सांगण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रेक्षकांवर आमचा भर का, याचे उत्तर १८९६ मध्येच मिळते. ७ जुलैला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हा दर सरसकट एक रुपया होता. त्याच महिन्यात खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंतचे वर्ग झाले, पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बॉक्स राखले गेले. सिनेमा सर्वांचा झाला तो इथून. पुढे ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि १९३६ मध्ये सेंट्रलला लागलेला ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ चालला. ज्यांना अभंग आधीच मुखोद्गत होते, ती माणसे पुन्हापुन्हा आल्याशिवाय हे शक्य नव्हते, असे माझे मत आहे.

नटांची माहिती अन्यत्र विपुल उपलब्ध आहे, म्हणून ती आम्ही मोजकीच ठेवतो. रॉयल ऑपेरा हाऊस, जे १९९३ पासून बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडले, ते आतून पाहणे तेथील परवानगीवर अवलंबून असते. त्यामुळे तसे आश्वासन आम्ही देत नाही.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी मॅजेस्टिक किंवा सेंट्रलमध्ये चित्रपट पाहिले असतील, तर त्यांना अवश्य घेऊन यावे. त्यांच्याकडून शुल्क घेतले जाणार नाही, आणि त्या थांब्यांवर आमच्याऐवजी त्यांनीच बोलावे, अशी विनंती आहे.