पब्लिक कीवर जन्मतारीख कशाला?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालं, आणि अशिलाची कागदपत्रं ईमेलनं पाठवायची तर ती एन्क्रिप्ट कशी करायची, हा विषय वकिलांच्या व्हॉट्सअॅप गटांत निघू लागला. विषय चांगला आहे. पण त्यातूनच एक मजकूर फॉरवर्ड होत होत गोकुळ शिरगावच्या कारखानदारांपर्यंत पोचलाय. त्याचं म्हणणं असं : पीजीपी या ईमेल एन्क्रिप्ट करायच्या पद्धतीत आपली पब्लिक की, म्हणजे इतरांनी आपल्याला कुलूपबंद मजकूर पाठवायला वापरायची जाहीर किल्ली, काढताना पूर्ण नाव, मोबाइल, जन्मतारीख, जमल्यास फोटोही घाला. कीसर्व्हर, म्हणजे अशा की जाहीर ठेवणारा सर्व्हर, ते सगळं तपासतो, म्हणून समोरच्याचा विश्वास बसतो. टोपणनावाची की म्हणजे फसवणूक. आणि पुढं नको वाटलं तर की काढून टाकता येते.

‘कीसर्व्हर तपासतो’ हे आधी घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. कीमधला युजर आयडी म्हणजे निव्वळ मजकुराची एक ओळ. आधी नाव, मग ईमेल, हा रिवाज आहे, सक्ती नाही. जुने कीसर्व्हर काहीही तपासत नसत. कुणीही कुणाच्याही नावाची की चढवावी. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या नावाची बनावट की अशीच सापडली, आणि तिच्या क्रमांकाची शेवटची आठ अक्षरंसुद्धा खऱ्या कीशी जुळत होती. आजचा कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ओआरजी हा सर्व्हर ईमेलवर दुवा पाठवून खात्री करतो खरा, पण ती पेटी तुमच्या ताब्यात आहे एवढीच. त्या ओळीतलं नाव तुमचंच का, सनद आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ईमेल नसलेली ओळ आणि फोटो तर तो प्रसिद्धच करत नाही. थोडक्यात, कीसर्व्हरवर की असणं हा काही नोटरीचा शिक्का नव्हे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? फिंगरप्रिंटवर, म्हणजे कीवरूनच निघणाऱ्या तिच्या ओळखखुणेवर. सध्या सर्रास वापरात असलेल्या कीचा फिंगरप्रिंट चाळीस अक्षरांचा असतो. बाररूममध्ये समोरासमोर बसून किंवा ओळखीच्या आवाजात फोनवर तो वाचून पडताळायचा. पाच मिनिटांचं काम. जन्मतारखेनं यात काडीची भर पडत नाही, कारण तोतया तुमची जन्मतारीख तुमच्याइतकीच बिनचूक टाइप करू शकतो. उलट बँकेच्या हेल्पलाइनवर ‘तुम्ही तुम्हीच’ हे ठरवायला जे विचारतात, तेच तुम्ही जगाला फुकट वाटलेलं असतं.

टोपणनावाचा मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीनं कोटेशनच्या ईमेलसाठी की काढली, त्यावर मालकाचं नावच नाही, तर त्यात फसवणूक कसली? ड्रॉइंग पाठवणाऱ्याला त्या पत्त्याची की हवी असते, मालकाची कुंडली नव्हे.

‘नंतर काढता येते’ हे मात्र खरोखर घातक आहे. एसकेएस या जुन्या पद्धतीचे सर्व्हर एकमेकांशी नोंदी जुळवत राहायचे, आणि त्यांची रचनाच अशी की भर घालता यावी, खोडता येऊ नये. एखाद्या सरकारनं दडपण आणलं तरी की गायब होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या काळात तो रास्तही होता. एका चालकानं नोंद पुसली तरी शेजारचा सर्व्हर ती परत भरायचा. तुम्ही युजर आयडी रद्द केलात तर रद्द केल्याची सही वर जोडली जायची, खालची मूळ ओळ जशीच्या तशी. एखादी की खरंच त्या माणसाची आहे, अशी ग्वाही म्हणून इतरांना तिच्यावर सही करता येते. जून २०१९ मध्ये ओपनपीजीपी, म्हणजे पीजीपीच्या खुल्या मानकावर काम करणाऱ्या दोन जाणत्या मंडळींच्या कींवर कुणीतरी अशा हजारो सह्या लादल्या. त्या की उतरवून घेणाऱ्यांचं जीपीजी, म्हणजे पीजीपीसाठी वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर, अडखळू लागलं, तरी सह्या पुसायची सोय नव्हतीच. जून २०२१ मध्ये या सर्व्हरांचा सामायिक पत्ता बंद झाला, तो युरोपच्या जीडीपीआर कायद्याखाली माहिती काढण्याच्या मागण्या आल्यामुळं. नव्या सर्व्हरवरून आपला ईमेल काढता येतो, एवढ्यापुरता मजकूर खरा. पण तोवर ज्यांनी की उतरवून घेतली, त्यांच्याकडची प्रत कोण काढणार? आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचाही आधार धरू नका. माणसानं स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कलम ३ नुसार कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

मजकुरात नसलेली एक गोष्ट वकिलांनी जास्त मनावर घ्यावी. अशिलाच्या कीवर सही करून ती जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर चढवली, तर कुणाच्या कीवर तुम्ही कधी सही केली हे तारखेसकट उघड होतं. अशा दहा-वीस सह्या म्हणजे अशिलांची यादीच. जीपीजीत सही फक्त आपल्या संगणकापुरती ठेवायची सोय आहे, ती वापरा. तसंच ऑफिसचा आणि घरचा ईमेल एकाच कीवर घातला, तर एक पत्ता माहीत असलेल्याला दुसरा आपोआप कळतो. दोन कामं, दोन की.

ज्यांनी मजकूर वाचून आधीच सगळं भरलंय, त्यांनी की अजून कुठं चढवली किंवा पाठवली नसेल तर जीपीजीत ती ओळ साफ खोडता येते. चढवली असेल तर फक्त ईमेलची नवी ओळ जोडा, जुनी रद्द करा, आणि बँकेला सांगून जन्मतारखेऐवजी दुसरी काही पडताळणी लावता येते का ते बघा.