‘ब्रेक लागतोय न्हवं? मग झालं की!’

हे वाक्य पुन्हा कुठल्या गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर उच्चारलं तर मी तिथंच भांडण काढणार आहे. ब्रेक लागतोय हे मलाही कळतंय हो! पण पेडल निम्म्याच्या खाली गेल्यावर लागतोय. पाय टाकला की आधी मऊ, पोकळ काहीतरी दबतं आणि मग कुठं गाडी धरते. याला तुम्ही ब्रेक म्हणता?

कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दोन्हीकडनं पॅड दाबणारे चिमटे, बदलले ते हौस म्हणून नाही. घरच्यांना घेऊन कोकणात जाणं-येणं असतं. करूळ घाट उतरताना जुने ब्रेक तापायचे, गाडीत जळका वास यायचा, मागं बसलेली आई सीट घट्ट धरून बसायची. म्हणून त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे मोठे कॅलिपर, मोठ्या डिस्क, नवे पॅड असं सगळं रीतसर बिल करून बसवून घेतलं. आणि गाडी हातात आली ती आधीपेक्षा वाईट पेडल घेऊन. तावडे हॉटेलच्या चौकात पुढं ट्रक थांबला तेव्हा पेडल एवढं खाली गेलं की माझ्या पोटात गोळा आला.

परत नेली. ‘नवीन पॅड हायत भाऊ, बसू देत, पेडल आपोआप वर येतंय.’ नाही येत! पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पकड कमी वाटते, पेडल किंचित मऊ लागतं, एवढं मान्य. पण निम्म्याखाली जाणारं पेडल पॅड बसून वर येत नाही, आणि ते येण्याची वाट बघत मी हायवेला गाडी का चालवायची?

दुसरीकडं नेली. तिथला म्हणाला, मोठा कॅलिपर म्हटल्यावर पेडल जाणारच, सवय होईल. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन ५४ मिलिमीटरचा होता आणि ६०चा आला, तर क्षेत्रफळ साधारण २३ टक्क्यांनी वाढतं. तेवढंच सरकायला तेवढं जास्त ब्रेक ऑइल लागतं, आणि पेडल दाबल्यावर ते ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पेडल लांब जाणारच. अरे, मग हे कॅलिपर विकताना का नाही सांगितलं? वरच्या मॉडेलला मास्टर सिलिंडर कितीचा आहे हे बघायचं काम कुणाचं, गिऱ्हाइकाचं? मोठा मास्टर सिलिंडर टाकला की पेडल आखूड होतं, पण पायाला जोरही जास्त लागतो. दोन्हीचा मेळ घालायचा असतो. त्यासाठी आधी मोजायला लागतं, आणि मोजायला कुणी तयार नाही.

बरं, नुसता पिस्टन मोठा झाल्यानं जाणारं पेडल लांब जातं पण शेवटी घट्ट लागतं. माझं मऊ होतं, आणि दोन-तीनदा भराभर दाबलं की वर यायचं. याचा अर्थ लाईनमध्ये हवा आहे, नाहीतर मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला आतनं घासणारे ब्रेकचे पट्टे, ड्रमपासून लांब राहिलेत. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत गेलं असतं तर मास्टर सिलिंडरच्या सीलवर संशय घ्यायचा. हे बघायला एक मिनिट लागतं. एकानंही बघितलं नाही. मागचे ड्रम तर कुणी उघडलेच नाहीत. प्रत्येकानं आपलं पुन्हा ‘ब्लीडिंग’ केलं, म्हणजे हवा काढायला लाईनमधनं ऑइल सोडलं, ऑइल वाया घालवलं, पैसे घेतले आणि गाडी दिली.

शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर फिटरनं चाक काढलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘अहो साहेब, डाव्या अंगाचा कॅलिपर उजवीकडं लावलाय आणि उजवा डावीकडं. निपल खाली आलाय. हवा वर बसती, खालनं निघंल कशी?’

ऐकून माझं डोकं सुन्न झालं. निपल म्हणजे हवा सोडायचं तोंड. ते वरच्या अंगाला पाहिजे, कारण हवा वर जाते. एवढी साधी गोष्ट! निपल खाली ठेवून कितीही वेळा ब्लीड करा, ऑइल निघत राहणार आणि बुडबुडा वर तसाच बसणार. कॅलिपरमध्ये १ मिलिलिटर हवा राहिली असं धरा. ब्रेक जोरात दाबल्यावर ती दबून जवळजवळ नाहीशी होते. २०.६ मिलिमीटर बोअरच्या मास्टर सिलिंडरला ती जागा भरायला ३ मिलिमीटर जादा सरकावं लागतं. पेडलचा लिव्हर चारास एक असेल, म्हणजे पाय चार मिलिमीटर गेला की सिलिंडर एक सरकत असेल, तर पायाखाली १२ मिलिमीटर गेले, ते फक्त हवा दाबण्यात. आणि मला म्हणतात सवय होईल!

ऑइलचं तर विचारूच नका. पहिल्या गॅरेजमध्ये डबा झाकणाशिवाय फळीवर ठेवलेला मी डोळ्यांनी बघितलाय. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. कोरडं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरलेल्याची हद्द १५५ अंश. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली की पेडल थेट तळाला. गगनबावड्याकडं पाऊस किती पडतो हे कोल्हापुरात कुणाला सांगायला पाहिजे का? आणि तुम्ही उघडा डबा माझ्या गाडीत ओतता!

हे कोल्हापूर आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांना कास्टिंग जातं. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारी माणसं उद्यमनगरात गल्लोगल्ली आहेत. त्याच गावात कॅलिपर डावा की उजवा हे न बघता बोल्ट आवळतात, याची मला चीड येते. गळीत हंगामात रात्री विना रिफ्लेक्टरच्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अचानक पुढं येतात, तेव्हा पाय टाकल्या क्षणी पेडलनं उत्तर द्यायला पाहिजे. किती दाबलं की किती थांबणार, हे पायाला कळलंच नाही तर मोठ्या कॅलिपरचा काय उपयोग?

त्या फिटरनं कॅलिपर जागच्या जागी लावले, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला, मागचे लायनर ॲडजस्ट केले. पेडल वर आलं, घट्ट झालं. पहिल्यापेक्षा किंचित लांब आहे, पण ते का आहे हे त्यानं समजावून सांगितलं.

मी फोटो घेऊन पहिल्या गॅरेजच्या मालकाकडं गेलो. फोटो बघून म्हणाला, ‘होतंय की कधीमधी, पोरगं नवीन हाय.’ पोरगं नवीन आहे तर ब्रेकला हात लावताना तुम्ही कुठं होता? गाडी देण्याआधी एक चक्कर मारून बघितली का? बिलात लिहिलेले ब्लीडिंगचे पैसे मला परत पाहिजेत, आणि त्या पोराला डावा-उजवा कॅलिपर तुम्ही माझ्यासमोर शिकवायचा. दोन्ही होईपर्यंत माझी गाडी रोज सकाळी तुमच्या शटरसमोर उभी राहणार.