मेयरला पत्र लिहून काय होणार?

सकाळपासून टाउनच्या ग्रुपवर एकच चाललंय, एलिमेंटरीतल्या लायब्ररी टीचरची पोस्ट कापली, मेयरला पत्र लिहूया, सह्या करा. अरे पण मेयरचा काय संबंध?? मेयर आणि कौन्सिल पोलीस बघतात, रस्ते बघतात, बर्फ काढतात. शाळा चालवतं स्कूल डिस्ट्रिक्ट आणि ते इथे न्यू जर्सीत जवळजवळ वेगळं सरकारच आहे, आपण निवडून दिलेलं बोर्ड, स्वतःचं बजेट, स्वतःचा टॅक्स. तो टॅक्स टाउन गोळा करून डिस्ट्रिक्टला देतं, म्हणून सगळ्यांना वाटतं मेयरच मालक. एकदा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल नीट उघडून बघा ना, काउंटी वेगळी, टाउन वेगळं, स्कूल वेगळं, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त पैसा स्कूलचा!

काल रात्री बजेटचं हिअरिंग होतं. कॅफेटेरियात समोर नऊ मेंबर, भिंतीवर तीन मिनिटांचा टायमर, आणि माइकसमोरची लाइन जवळपास सगळी रिटायर्ड लोकांची. एका आजोबांनी अख्खं बजेट प्रिंट करून आणलेलं, पिवळ्या मार्करने खुणा केलेल्या, म्हणाले माझी मुलं केव्हाच शाळेतून बाहेर पडली, पेन्शन वाढत नाही, टॅक्स वाढवू नका. बोर्डाने शांतपणे ऐकून घेतलं. लायब्ररीसाठी बोलायला आपल्यातलं कोण? मी, आणि झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन आलेली एक तेलुगू मुलगी. बस.

त्या आजोबांचा मला राग नाही, त्यांचा पैसा आहे, ते पानपान वाचून आले होते. राग येतो तो डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघून घरासाठी वर पैसे मोजणाऱ्या आपल्याच लोकांचा, बोर्डातल्या एकाचं नाव विचारा, येणार नाही.

हो, बोर्डाचेही हात बांधलेत, मान्य. राज्याने टॅक्सवाढीवर 2 टक्क्यांची कॅप लावलीय, थोड्या सवलती सोडल्या तर त्यापुढे लोकांचं मत घ्यावं लागतं, आणि स्टाफच्या हेल्थ इन्शुरन्सचा खर्च काही 2 टक्क्यांत थांबत नाही. स्टेट एड, म्हणजे राज्याचं अनुदान, किती ते राजधानीत, ट्रेंटनमध्ये ठरतं. वॉशिंग्टनचा वाटा तर अगदी थोडा, तरी आपल्या पार्ट्यांमध्ये तासन्तास वाद वॉशिंग्टनवरूनच! पण हाताशी असलेल्या पैशात लायब्ररी ठेवायची की नाही हे त्या नऊ जणांनीच ठरवलं, काल, माझ्या डोळ्यांसमोर.

गावी झेडपीच्या शाळेसाठी आपण आमदाराला गाठतो, तिथे पगाराचा पैसा राज्याकडून येतो, तेव्हा ते बरोबरच आहे. इथे पैसा आपल्या घराच्या टॅक्समधून जातोय.

एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्यांना मत नाही, हेही खरं. पण माइकला पासपोर्ट लागत नाही. बोर्डाने मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ द्यायचाच, असा राज्याचा कायदा आहे.

बाहेर पडताना त्याच आजोबांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं, मुलगी कितवीत आहे विचारलं. म्हटलं तिसरीत, दर शुक्रवारी त्या टीचरकडून पुस्तक घेऊन येते, रात्री उशाशी ठेवते. ते म्हणाले, मग पुढच्या वेळी अजून लोक घेऊन ये. विरोधात बोललेला माणूस हे सांगतोय हो मला!

बजेट तर पास झालं. नोव्हेंबरला बोर्डाच्या तीन सीट्सची निवडणूक आहे, अर्ज जुलैमध्येच भरायचे. सिटिझन झालेल्यांपैकी कोणी उभं राहणार असेल तर सांगा, अर्जावरच्या सह्यांसाठी दारोदार मी फिरते, घरांपुढे प्रचाराच्या लॉन साइन्सही लावते.