क्लायंट बारीक, गल्ला जाड

आहारशास्त्र शिकून स्वतःची प्रॅक्टिस थाटली की पहिल्याच महिन्यात एक पेच पडतो. सांगण्यासारखं फार थोडं असतं. भाज्या वाढवा, गोड आवरा, चाला, वेळेवर झोपा. दहा मिनिटांत विषय संपला. आता या दहा मिनिटांचं सहा महिन्यांचं पॅकेज करून विकायचं, हाच धंद्याचा खरा अभ्यासक्रम; आणि तो कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

पदवी असेल तर ठीक. नसेल तर तेवढी वर्षं वाचली. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ म्हणवून घ्यायला नोंदणी लागते, पण ‘न्यूट्रिशनिस्ट’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. बेन गोल्डेकर या डॉक्टर-पत्रकाराने २००४ साली एका अमेरिकी पोषण-सल्लागार संघटनेचं प्रमाणित सदस्यत्व चक्क आपल्या मांजरीच्या नावावर मिळवलं होतं. मांजर तेव्हा हयातही नव्हती. तुम्ही निदान श्वास घेताय, तेव्हा न्यूनगंड सोडा.

पहिलं वजन संध्याकाळी घ्या. भरल्या पोटी, बुटांसकट, खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या. पुढची सगळी वजनं मात्र सकाळी, अनशापोटी, हलक्या कपड्यांत. एवढ्या व्यवस्थापनानेच क्लायंटचा विश्वास बसायला लागतो.

उरलेलं काम पाणी करतं. (हा भाग मला स्वतःला फार आवडतो.) यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन (म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर) साठवलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पहिल्या दिवसापासून कर्बोदकं बंद करा, की हा साठा रिकामा होतो, पाणी वाहून जातं आणि आठवड्याच्या आत काटा दीड-दोन किलोंनी उतरतो. चरबी बिचारी जिथल्या तिथे असते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दिवसाला २,००० कॅलरी खर्चणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून घेतलं तरी तेवढी जळायला जवळजवळ चार दिवस जातील. हे गणित क्लायंटला सांगू नका. त्याला आनंदात राहू द्या आणि त्याच आनंदात पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरू द्या. दुधात पाणी घालून कमावणारे पुष्कळ झाले, माणसातून पाणी काढून कमावणं हे खरं कौशल्य.

दुसऱ्या महिन्यात काटा अडतो. घाबरू नका, ही वेळ टेस्ट करून घ्यायची. रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून (शरीर बाहेरच्या पदार्थांविरुद्ध बनवतं ती प्रथिनं) ‘कोणतं अन्न तुम्हाला सोसत नाही’ ते सांगणारी टेस्ट निवडा. अन्न वारंवार पोटात गेलं की त्याविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं निरोगी माणसातही सापडतात, त्यामुळे क्लायंट जे रोज खातो नेमकं तेच लाल रंगात छापून येतं. तो थक्क होतो, ‘मला संशय होताच!’ म्हणतो. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या टेस्टवर निदान करू नका असं वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. पण त्या संघटना तुमच्या दवाखान्याचं भाडं भरत नाहीत.

शरीरातली ‘विषं’ बाहेर काढणारं डिटॉक्सही ठेवा. यकृत आणि मूत्रपिंडं ते काम रात्रंदिवस फुकट करतात, हा स्पर्धेचा मुद्दा आहे, त्यावर बोलू नये. सप्लिमेंट्स काउंटरवरच ठेवा, म्हणजे लिहून देणाराही तुम्ही आणि विकणाराही तुम्ही.

एका अभ्यासापासून मात्र जपून राहा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर तो झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आले. ७ टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. ना रस, ना पावडर, ना लाल रिपोर्ट. बरं, भेटी त्यातही होत्या, पहिल्या २४ आठवड्यांत १६. पण त्या भेटींत माणसाला त्याचं जेवण, त्याची घसरण, त्याचा दिवसाचा गाडा त्याच्या हाती कसा ठेवायचा ते शिकवत. असं बसून ऐकायचं, शिकवायचं म्हणजे कष्ट आले. शिवाय शिकलेला माणूस परत येत नाही.

वजन पुन्हा वाढून जो येतो, तोच आपला. त्याला प्लॅन चुकला असं कधीही वाटू देऊ नका. मान किंचित वाकडी करून, मऊ आवाजात विचारा, ‘मध्ये काही चीटिंग झालं का?’ काहीतरी झालेलं असतंच. माणूस सहा महिने जेवलाय, काही ना काही आठवतंच त्याला. तो ओशाळतो आणि ओशाळलेला माणूस घासाघीस करत नाही.

कधीतरी एखादा खरोखरच टिकून राहतो आणि ‘आता माझं मला जमेल’ म्हणतो. त्याला अडवू नका. दारापर्यंत सोडायला जा, ‘आधी आणि नंतर’चे फोटो लावायची लेखी परवानगी तेवढी घ्या. आणि आठ-दहा महिन्यांनी त्याला ‘जुन्या क्लायंटसाठी खास सवलत’ असा मेसेज आपोआप जाईल, एवढं आजच सेट करून ठेवा.